एकशे सहाव्या खेळाडूचं काय? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला नवा आकडा आणि सावकाश घडणारी मुलं

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी भरलेल्या एका खटल्यातल्या तडजोडीला अंतिम मंजुरी दिली आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मोकळीक मिळाली. बातमी पैशांची होती, म्हणून बहुतेकांनी पैशांबद्दलच लिहिलं. त्याच तडजोडीत एक साधा आकडाही होता, १०५. तडजोडीत सामील होणाऱ्या कॉलेजांना यापुढे फुटबॉलच्या संघात १०५ पेक्षा जास्त मुलं ठेवता येणार नाहीत. हा आकडा गाठण्यासाठी अनेक कॉलेजांनी मंजुरीची वाटसुद्धा पाहिली नाही. त्याआधीच कित्येक मुलांना संघ सोडायला सांगून मोकळी झाली.

ओहायो स्टेट, मिशिगन, पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम अशा विद्यापीठांत शिकलेलं किंवा शिकत असलेलं कुणी ना कुणी आता बऱ्याच मराठी नात्यागोत्यांत असतं. दर शनिवारी लाखभर माणसं स्टेडियममध्ये का जमतात, हे ती मुलं घरी उत्साहाने सांगतात. पण संघात इतकी मुलं कशाला, त्यातल्या निम्म्यांना मैदान का दिसत नाही, आणि न खेळणाऱ्या मुलांना काढलं तर एवढा गदारोळ कशासाठी, हे बाहेरच्या माणसाला कळणं अवघड जातं. या लेखात तेच उलगडायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं, उशिरा झालं. पण १०५ हा आकडा ज्याच्या मुळावर आला आहे तो आहे उशिरा उमलणारा मुलगा, आणि त्याची बाजू मांडायला त्या वाटाघाटीत फारसं कुणी नव्हतं.

अकरा जणांच्या खेळाला शंभर मुलं कशाला?

अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा आणि समोरच्यांनी अडवायचं, असा हा अंगाला अंग भिडणारा खेळ. मैदानात एका वेळी अकराच जण असतात, पण चेंडू आपल्याकडे असताना उतरतात ते अकरा वेगळे आणि समोरच्याकडे असताना उतरतात ते अकरा वेगळे. पहिल्यांना ऑफेन्स म्हणतात, दुसऱ्यांना डिफेन्स. चेंडू लाथाडण्याचं काम करणारे दोघे-तिघे निराळेच. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणजे मुख्य खेळाडूच पंचवीसच्या आसपास झाले.

त्यात प्रत्येक जागेचं शरीर वेगळं. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा, उंच आणि डोक्याने थंड हवा. त्याच्यापुढे भिंत करून उभे राहणारे ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण बहुधा १३५ किलोच्या पुढचे. चेंडू झेलायला धावणारे त्यांच्या मानाने सडपातळ. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, म्हणून प्रत्येक जागेला राखीव लागतो आणि त्या राखिवालाही राखीव लागतो. नोव्हेंबर उजाडेपर्यंत दहा-पंधरा मुलं जायबंदी असणं नेहमीचंच.

कॉलेजच्या संघाची ही पूर्ण यादी, म्हणजे रोस्टर, कालपरवापर्यंत मोठ्या कॉलेजांत साधारण १२० ते १३० मुलांची असायची. काही ठिकाणी त्याहून मोठी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एनएफएल या व्यावसायिक लीगला स्वतःच्या धाकट्या लीग नाहीत. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ती कुणालाही घेत नाही. ही तीन वर्षं मुलगा घडतो तो कॉलेजात. एनएफएलचे ३२ संघ दरवर्षी सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या थोडे वर खेळाडू निवडतात. २०२५ मध्ये २५७ निवडले. उलट सर्वांत वरच्या श्रेणीत २०२५ साली कॉलेजांचे संघच १३६ होते. प्रत्येकी १०५ धरले तरी चौदा हजारांवर मुलं होतात. यातली बहुसंख्य मुलं कधीच पैशासाठी खेळणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असतं.

८५ चा जुना हिशोब

आतापर्यंत मर्यादा होती ती संघाच्या आकारावर नव्हे, शिष्यवृत्त्यांवर. कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचा नियम असा की वरच्या श्रेणीतल्या कॉलेजाने फुटबॉलसाठी एका वेळी ८५ मुलांनाच शिष्यवृत्ती द्यायची. बाकीची तीस-चाळीस मुलं आपल्या खर्चाने किंवा अभ्यासावर मिळालेल्या मदतीने शिकत, सराव करत आणि संघात राहत. यांना वॉक-ऑन म्हणतात.

हा ८५ चा आकडाही एका रात्रीत आलेला नव्हता. १९७० च्या दशकापर्यंत श्रीमंत कॉलेजं वाटेल तितकी मुलं गोळा करत. पिट्सबर्ग विद्यापीठाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये तो संघ अकरापैकी एकच सामना जिंकला. नवे कोच जॉनी मेजर्स यांनी १९७३ मध्ये एकाच वर्षी सत्तरहून जास्त नवी मुलं आणली. त्यात टोनी डॉर्सेट नावाचा एक मुलगा होता. १९७६ मध्ये पिट्सबर्ग राष्ट्रीय विजेता ठरलं आणि डॉर्सेटला हाइजमन ट्रॉफी मिळाली, जी वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात. अशा भरतीला आवर घालायला एनसीएएने १९७३ मध्ये शिष्यवृत्त्यांची मर्यादा १०५ केली, १९७८ मध्ये ९५, आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवत १९९४ मध्ये ८५ वर आणली. तेव्हा १०५ ही शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. आता तोच आकडा सबंध संघाची मर्यादा म्हणून परत आला आहे.

शिष्यवृत्त्या जसजशा कमी झाल्या तसतशी वॉक-ऑन मुलांची किंमत वाढली. नेब्रास्काने हे सर्वांत आधी ओळखलं. टॉम ऑस्बोर्न कोच असताना त्या राज्यातल्या खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची मुलं शिष्यवृत्तीशिवाय येत, दोन-तीन वर्षं नुसता सराव करत आणि शेवटच्या वर्षी मैदानात उतरत. १९९४, १९९५ आणि १९९७ च्या राष्ट्रीय विजेतेपदांमागे हे मोठं मनुष्यबळ होतं. तडजोडीच्या आधीपर्यंत नेब्रास्काचा संघ दीडशेच्या आसपास असे.

खेळाडू घडतो म्हणजे नेमकं काय होतं?

कोल्हापूरच्या जुन्या तालमी आठवा. मैदानात नाव गाजतं एखाददुसऱ्या पैलवानाचं, पण तालमीत मुक्कामाला असतात तीस-चाळीस पोरं. नाववाल्या पैलवानाला रोज लढायला जोड लागते. जोडच नसेल तर वस्तादांनी सांगितलेला डाव तो बसवणार कुणावर? त्या जोडीतलाच एखादा पोरगा चार वर्षं तांबड्या मातीत घुसळून निघतो, अंगाने भरतो आणि एक दिवस त्याच मोठ्या पैलवानाला जड जायला लागतो. आता कुणी येऊन सांगितलं की तालमीत फक्त मैदान मारणारेच ठेवा, बाकीच्यांना घरी पाठवा, तर पहिलं वर्ष निभावेल. त्यानंतर मैदान मारायला येणार कोण, हा प्रश्न उभा राहील.

कॉलेज फुटबॉलमध्ये या जोडीच्या पोरांना स्काउट टीम म्हणतात. पुढच्या शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे त्याच्या चाली आठवडाभर पाठ करायच्या आणि सरावात आपल्याच मुख्य खेळाडूंसमोर त्या खेळून दाखवायच्या, हे त्यांचं काम. टाळ्या नाहीत, टीव्हीवर चेहरा नाही. पण अठरा वर्षांच्या लाइनमनला रोज बावीस वर्षांच्या, त्याच्यापेक्षा वीस किलो जड आणि देशात नाव असलेल्या खेळाडूला अडवावं लागतं. त्याची शाळा हीच.

हंगामात सराव, बैठका, व्यायाम सगळं धरून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. त्या मोजक्या वेळात मुख्य खेळाडूंनाच जास्तीत जास्त चाली खेळायला मिळतात. नवख्याच्या वाट्याला जे येतं ते बहुतेक स्काउट टीममध्येच.

दुसरी सोय म्हणजे रेडशर्ट. बऱ्याच वर्षांचा नियम असा की मुलाला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. म्हणून पहिलं वर्ष त्याला सामन्यात न उतरवता फक्त सराव, खाणंपिणं आणि व्यायाम यांवर ठेवायचं. चार हंगाम शिल्लकच राहतात. या वर्षाला रेडशर्ट वर्ष म्हणतात. २०१८ पासून त्या वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळायलाही परवानगी मिळाली. शाळेतून ११५ किलोचा आलेला लाइनमन १३५ किलोचा होऊन तितकाच चपळ राहायला दोन-तीन वर्षं जातात. त्याला घाई केली तर तो वाढत नाही, मोडतो.

या सगळ्याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे जे. जे. वॉट. २००७ मध्ये तो सेंट्रल मिशिगन या लहान कॉलेजात शिष्यवृत्तीवर होता आणि टाइट एंड या जागी खेळत होता, म्हणजे ऑफेन्समध्ये, अडवायचं आणि चेंडू झेलायचा असं दुहेरी काम. ती शिष्यवृत्ती सोडून तो आपल्या राज्याच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून आला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेज बदललेल्याला वर्षभर बाहेर बसावं लागे. २००८ चा सगळा हंगाम त्याने स्काउट टीममध्ये काढला आणि जागाही बदलली. ऑफेन्समधून डिफेन्समध्ये, अडवणाऱ्यांच्या पहिल्या फळीत गेला. त्याची वाढ झाली ती या एका वर्षात, जेव्हा तो संघाच्या कुठल्याही निकालात नव्हता. २०११ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं. पुढे २०१२, २०१४ आणि २०१५ असा तीन वेळा तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

तो एकटाच नाही. आयोवाचा डॅलस क्लार्क वॉक-ऑन म्हणून आला, जागा बदलली आणि २००३ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. बेकर मेफील्ड आधी टेक्सस टेकमध्ये आणि मग ओक्लाहोमात, दोन्हीकडे वॉक-ऑन म्हणून दाखल झाला. २०१७ ची हाइजमन ट्रॉफी त्याची आणि २०१८ ची पहिली निवडही त्याची. यूसीएलएचा कार्सन श्वेसिंगर वॉक-ऑन होता. २०२५ मध्ये त्याची दुसऱ्या फेरीतली पहिली निवड झाली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे बघून तो बाविसाव्या वर्षी कसा असेल हे सांगणं अनुभवी कोचनाही जमत नाही. मोठा संघ ठेवला की या चुकांना थोडी जागा राहत असे.

मग १०५ आला कुठून?

२०२० मध्ये ग्रँट हाउस या ॲरिझोना स्टेटच्या जलतरणपटूने आणि इतरांनी एनसीएएवर खटला भरला. खेळाडूंच्या नावावर आणि प्रतिमेवर कॉलेजं आणि टीव्ही कंपन्या कमावतात, त्यात खेळाडूंना वाटा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. दरम्यान २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना जाहिराती वगैरेंतून बाहेरची कमाई करायला मुभा मिळाली. हाउस खटला लढवत बसणं धोक्याचं आहे, हे एनसीएएला कळून चुकलं. तडजोडीत तिने जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. शिवाय प्रत्येक कॉलेजाला आपल्या सगळ्या खेळांतल्या मिळून खेळाडूंना वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत थेट पैसे देता येतील असं ठरलं. २०२५-२६ साठी ही रक्कम २ कोटी ५ लाख डॉलर आहे.

आता शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा उरली तर तिच्यावरही खटला होणार हे उघड होतं. सगळ्या कॉलेजांनी संगनमत करून ८५ च मुलांना मदत द्यायची, हे स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. म्हणून ती मर्यादा काढली. पण मर्यादा पूर्ण उठली तर श्रीमंत कॉलेजं दीडशे शिष्यवृत्त्या देतील ही भीतीही होती. तेव्हा मधला मार्ग काढला: शिष्यवृत्ती हवी तेवढ्यांना द्या, पण संघ १०५ चाच ठेवा. वॉक-ऑन मुलं या हिशोबात कुठेच नव्हती. त्यांच्यावर कॉलेजाचा खर्च थोडा, कायद्याचा वाद त्यांच्यामुळे उभा राहिलेला नव्हता, तरी कात्री चालली ती त्यांच्यावर.

न्यायाधीश विल्केन यांनी हे पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी याच कारणावरून मंजुरी अडवून धरली. तेव्हा दुरुस्ती झाली की ज्यांची जागा या मर्यादेमुळे गेली किंवा जाणार होती, आणि शाळेतल्या ज्या मुलांना दिलेला शब्द मोडला गेला, ती मुलं पुढे कुठेही खेळली तरी १०५ मध्ये मोजायची नाहीत. दुरुस्ती चांगली आहे. मात्र कॉलेजाने त्यांना परत घेतलंच पाहिजे असं बंधन नाही, आणि आता शाळेत असलेल्या मुलांना तिचा काही उपयोग नाही.

पण शिष्यवृत्त्या तर २० ने वाढल्या ना?

कागदावर, हो. ८५ च्या जागी १०५ मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, आणि ज्या वॉक-ऑनला ती मिळेल त्याच्या आईवडिलांना केवढा आधार! पण देता येते म्हणजे द्यावीच लागते असं नाही. नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांचा खर्च २५ लाख डॉलरपर्यंत त्याच २ कोटी ५ लाखांत धरला जातो. म्हणजे वीस वॉक-ऑन मुलांना शिष्यवृत्ती द्यायची तर नामवंत क्वार्टरबॅकसाठी ठेवलेले पैसे कमी होतात. कोच कशाची निवड करील हे सांगायला नको.

वीस मुलं कमी झाली तर बिघडलं कुठे?

ढोबळ हिशोब करून पाहू. १०५ मधून लाथ मारणारे वगैरे पाच जण बाजूला काढले तर उरले १००. ऑफेन्सला ५०, डिफेन्सला ५०. अकरा जागांना वाटले तर एका जागेला साडेचार मुलं. जुन्या १२५ च्या संघात हाच हिशोब साडेपाचाच्या जवळ जातो. प्रत्येक जागेमागची एक रांग गेली, आणि गेली ती शेवटची, स्काउट टीमची.

जायबंदी मुलं वजा केली की हंगामाच्या अखेरीस एका जागेला चारही उरत नाहीत. मग स्काउट टीमचं काम दुसऱ्या फळीतल्या मुलांना करावं लागतं. त्यांचा स्वतःचा सराव कमी होतो, अंगावर मार जास्त बसतो. काही कोच पूर्ण ताकदीचा सरावच कमी करतात. याने संघ लगेच हरत नाही. नुकसान दिसतं दोन-तीन वर्षांनी, जेव्हा पहिली फळी शिकून बाहेर पडते.

याहून मोठा परिणाम निवडीवर होतो. जागा मोजक्या झाल्या की प्रत्येक जागेने आजच काही द्यावं अशी अपेक्षा येते. शंभराव्या क्रमांकाची जागा पूर्वी ‘तीन वर्षांनी बघू’ अशा मुलाला मिळे. आता तीच जागा दुसऱ्या कॉलेजात दोन हंगाम खेळून आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला देणं कोचला सोयीचं वाटतं, कारण दोन वर्षं वाईट गेली तर त्याचीच नोकरी जाते. मी कोचना दोष देत नाही. त्यांच्यासमोर नियमांनी मांडलेला हिशोबच तसा आहे.

एनएफएलचं ५३ वर भागतं की!

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. एनएफएलच्या संघात हंगामात ५३ खेळाडू असतात हे खरं. पण त्याशिवाय सरावासाठी १६ जणांचं वेगळं पथक पगारावर असतं, आणि हंगामाआधीच्या शिबिरात ९० जण येतात. कुणी जायबंदी झाला तर मंगळवारी फोन करून दुसरा तयार खेळाडू आणता येतो. कॉलेजला सत्र सुरू झाल्यावर असा खेळाडू बाहेरून आणता येत नाही. प्रवेश, अभ्यासक्रम, पात्रता सगळं आड येतं. आणि एनएफएलला येणारा माणूस घडून आलेला असतो. घडवण्याचं काम कॉलेजने केलेलं असतं. घडवणाऱ्याला आणि आयतं घेणाऱ्याला एकच माप लावता येत नाही.

मोठ्या कॉलेजांची साठेबाजी तरी थांबेल?

थोडी थांबेल, आणि हे चांगलंच आहे. १९७३ नंतर शिष्यवृत्त्या कमी होत गेल्या तसा खेळ पसरला, लहान कॉलेजांनाही चांगली मुलं मिळू लागली. पण तेव्हा अडवली गेली ती पैसे देऊन केलेली साठवण. वॉक-ऑन मुलगा कुणी साठवून ठेवलेला नसतो. तो स्वतःच्या हौसेने, बहुधा आपल्या गावच्या किंवा राज्याच्या कॉलेजावरच्या प्रेमापोटी आलेला असतो. त्याला काढल्याने तो दुसरीकडे जाऊन खेळेलच असं नाही. बरेच जण तिथेच पदवी पूर्ण करतात आणि खेळणं सोडतात.

एक बाजू मात्र मान्य करायला हवी. १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याने कॉलेजात मुलींना खेळाची समान संधी द्यावी लागते. फुटबॉलच्या सव्वाशे मुलांच्या तोडीचा मुलींचा खेळच नाही, त्यामुळे ताळमेळ बसवताना कुस्ती किंवा जिम्नॅस्टिक्ससारखे मुलांचे लहान संघ काही ठिकाणी बंद झाले. फुटबॉलचा संघ लहान झाल्याने हा ताण थोडा हलका होईल. पण याच तडजोडीने इतर खेळांनाही मर्यादा लावल्या आहेत. बेसबॉलला ३४, बास्केटबॉलला १५. तिथेही शेवटची रांगच कापली गेली.

जागा नाही मिळाली तर कॉलेज बदलावं

आता ते सोपं आहे, हे खरंच. पूर्वी वर्षभर बसावं लागे. २०२१ पासून एकदा मोकळेपणाने बदलता येऊ लागलं, आणि २०२४ पासून अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा. यातून काही मुलांचं सोनं झालं. जो बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं मागे राहिला, पदवी घेऊन २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला गेला, २०१९ च्या हंगामात ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे चेंडू, फेकून राष्ट्रीय विजेता झाला आणि २०२० ची पहिली निवड ठरला. अशा मुलांना अडवून ठेवणारा जुना नियम अन्यायाचा होता.

इंडियानाचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. २०२३ मध्ये बारापैकी तीन सामने जिंकलेल्या या संघाकडे कर्ट सिग्नेटी आले. येताना त्यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन या लहान विद्यापीठातले बरेच खेळाडू आणले. २०२४ मध्ये संघाने अकरा सामने जिंकले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठातून क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आला. त्याला २०२५ ची हाइजमन मिळाली आणि इंडियाना राष्ट्रीय विजेता झालं. लोक म्हणतात, बघा, घडवायची गरजच नाही, तयार मुलं आणा.

पण ही मुलं तयार कुठे झाली? जेम्स मॅडिसनमधले खेळाडू शाळेतून निघाले तेव्हा मोठ्या कॉलेजांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं तिथेच घोटून ती मोठी झाली. मेंडोझाकडेही शाळेत असताना फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. कॅलिफोर्नियात पहिलं वर्ष त्याने रेडशर्ट म्हणून काढलं. घडवणं संपलेलं नाही. ते लहान कॉलेजांकडे सरकलं आहे, आणि फळ मोठी कॉलेजं घेतात.

जगाच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे पायाच्या, यावर उपाय फार पूर्वीच केलेला आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की त्या रकमेतला ५ टक्के हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना वाटला जातो, असा फिफाचा नियम आहे. लहान क्लबला मुलं घडवणं त्यामुळे परवडतं. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये असं काही नाही. लहान कॉलेजाने मुलाला तीन वर्षं दूध-अंडी, व्यायाम, शिकवणी, सगळं द्यायचं आणि तो बहरला की एका पैशाशिवाय सोडून द्यायचं. असं किती वर्षं कोण करील?

आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादमी तडजोडीत सामील झाल्या नाहीत. त्यांचे संघ मोठे असतात, बाहेरून तयार खेळाडू येत नाहीत, आणि खेळाडूंना पुढे सैन्यात नोकरी करायची असते. २०२४ मध्ये आर्मीने चौदापैकी बारा सामने जिंकले आणि आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद पटकावलं. तिथली परिस्थिती सगळ्यांना लागू करता येणार नाही, पण सावकाश घडवलेला संघ आजही जिंकू शकतो याचा हा पुरावा आहे.

यातून वाट काय?

दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, १०५ च्या बाहेर एक वेगळी यादी ठेवावी: शिष्यवृत्ती नसलेली आणि थेट पैसे न घेणारी मुलं, सरावाला पूर्ण मोकळीक, सामन्यात उतरायचं तर आधी १०५ मध्ये जागा मिळवावी. खर्च थोडा, साठेबाजीचा प्रश्न नाही, आणि पुढचा वॉट कुठे उभा राहील याची सोय होते. दुसरी, खेळाडूला थेट पैसे देऊन बोलावणाऱ्या कॉलेजाने त्या रकमेवर ठरावीक हिस्सा आधीच्या कॉलेजाला द्यावा. तो खेळाडूच्या पैशांतून कापू नये, वरून द्यावा. दोन्हींसाठी कॉलेजांनी एकत्र बसून ठरवावं लागेल आणि न्यायालयाची संमतीही लागेल. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी अडवल्यावर काही आठवड्यांत दुरुस्ती होऊ शकली, म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

घरात असा खेळणारा मुलगा असेल तर कॉलेज निवडताना कोचना विचारायचे प्रश्नही आता बदलले आहेत. गेल्या तीन वर्षांत शाळेतून आलेली किती मुलं अजून संघात आहेत? पहिल्या वर्षाच्या मुलाला सरावात किती चाली खेळायला मिळतात? शिष्यवृत्तीचा शब्द लेखी आहे का आणि किती वर्षांचा? स्वागत किती थाटात झालं यापेक्षा या तीन उत्तरांवरून जास्त कळतं.

न्यायालयाच्या दुरुस्तीमुळे १०५ मध्ये न मोजली जाणारी मुलं २०२९ च्या हंगामापर्यंत बहुतेक शिकून बाहेर पडतील. तोवर अनेक संघांत ही जास्तीची मुलं असतील आणि ‘काही फरक पडला नाही’ असं म्हणणं सोपं जाईल. नियम बदलायचा असेल तर तो त्याआधीच बदलायला हवा.